हुशारीचा उपयोग नक्की कुठे होतो?

आयक्यू जास्त असला की माणूस आयुष्यात यशस्वी होतो का, हा वाद निघाला की दोन पार्ट्या पडायला वेळ लागत नाही आणि मग पुढचा सगळा वेळ एकमेकांवर किस्से फेकण्यात जातो. एक पार्टी म्हणते वर्गात पहिले येणारे पुढे कुठे दिसतात का बघा, शेवटच्या बाकावरचेच मोठे होतात आणि पहिल्या बाकावरच्यांना नोकरीला ठेवतात. दुसरी पार्टी म्हणते हे सगळं मार्क कमी पडलेल्यांनी स्वतःची समजूत काढायला बनवलेलं आहे, डोकं असलं की बाकी सगळं मागून येतं. मला दोन्हींचं बोलणं उचलली जीभ लावली टाळ्याला टाईप वाटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. बुद्धीचा यशाशी संबंध आहे, चांगला ठसठशीत आहे, आणि तो नाकारणारे लोक उपलब्ध पुराव्याकडे चक्क पाठ फिरवून बसलेत. पण हा संबंध खालच्या बाजूला जास्त घट्ट आहे आणि वर जावं तसा सैल होत जातो. तल्लख डोकं माणसाला फार खाली घसरू देत नाही, वर कुठपर्यंत जाणार हे मात्र ते एकटं ठरवत नाही. आणि हे एकदा मान्य केलं की हुशार पोरांचं पुढे काय होणार ही चिंता थोडी बाजूला ठेवून, जे तेवढे चटपटीत नाहीत त्यांचे पाय आपण कशाकशात अडकवून ठेवलेत हा जास्त महत्त्वाचा प्रश्न समोर येतो.

पण आधी किस्स्यांचं बघू, कारण वाद तिथेच सडतो. विल्यम जेम्स सायडिस हे नाव या चर्चेत हमखास येतं. १८९८चा जन्म, १९०९ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये, १९१० मध्ये तिथल्या गणितवाल्यांसमोर चार मितींच्या आकारांवर लेक्चर. पुढे काय? साध्या कारकुनी नोकऱ्या, पेपरवाल्यांपासून पळापळ, ट्रामची ट्रान्सफर तिकिटं जमवायचा छंद (त्याच्यावर त्याने १९२६ मध्ये टोपणनावाने एक अख्खं पुस्तक लिहिलं, आणि ज्यांनी ते बघितलंय ते सांगतात की इतकं कंटाळवाणं पुस्तक क्वचितच छापलं गेलं असेल), आणि १९४४ मध्ये छेचाळिसाव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू. झालं, पहिल्या पार्टीला हवं ते मिळालं, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पण त्याच १९०९ साली त्याच हार्वर्डमध्ये अजून एक पोरगा दाखल झाला होता, नॉर्बर्ट वीनर, वय चौदा, तेही पदवी घेऊन आलेला. त्याचेही वडील रशियन साम्राज्यातून आलेले, तेही पोराला घरी घासून पुसून तयार करणारे, आणि पोराच्या हुशारीचा पेपरात गाजावाजा त्याच्याही वाट्याला आलेला. वीनरला अठराव्या वर्षी पीएचडी मिळाली, पुढे एमआयटीत आयुष्यभर गणित केलं, यंत्रं आणि प्राणी ह्यांच्यातल्या नियंत्रणाचा अभ्यास करणारी सायबरनेटिक्स नावाची शाखाच उभी केली. आता सांगा, हे दोन किस्से मिळून काय सिद्ध झालं? एवढंच की दोघांचं डोकं अफाट होतं आणि आयुष्यं वेगळी झाली, म्हणजे फरक डोक्यात नव्हता. सायडिसला आलेलं अपयश हे हुशारीविरुद्धचा पुरावा नाही आणि वीनरचं यश हा हुशारीच्या बाजूचा पुरावा नाही. भौतिकशास्त्रातलं नोबेल मिळवणाऱ्या फाइनमनचा शाळेतला आयक्यू म्हणे १२५च होता, हा किस्साही असाच. एका माणसाची शाळेतली एक टेस्ट, त्यावर कितीसं बांधकाम करणार?

आता दुसऱ्या बाजूचं जे सगळ्यात भक्कम आहे ते सरळ मान्य करू. १ जून १९३२ ला स्कॉटलंडमध्ये १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक शाळकरी पोराला एकच बुद्धिमत्ता चाचणी दिली गेली, सत्याऐंशी हजारांहून जास्त मुलं, एकाच दिवशी. नंतर ते सगळे कागद धूळ खात पडले. नव्वदच्या दशकात संशोधकांनी ते बाहेर काढले आणि त्यातली ॲबर्डीन शहरातली मुलं पुढे कुठे गेली, कधी वारली, हे एकेक करून शोधलं. २००१ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा की अकराव्या वर्षी आयक्यू पंधरा गुणांनी कमी असेल तर ७६व्या वर्षापर्यंत जिवंत असण्याची शक्यता साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते. अकराव्या वर्षीची पाऊण एक तासाची टेस्ट आणि पासष्ट वर्षांनंतरचा मृत्यू, ह्यांच्यात धागा सापडतो, ही काही थट्टेवारी न्यायची गोष्ट नाही. (त्यात एक विचित्र अपवाद निघाला. दुसऱ्या महायुद्धात लढताना मेलेल्या पुरुषांचे स्कोर सरासरीने वाचलेल्यांपेक्षा जास्त होते. हुशारी जिथे वाचवू शकते तिथे वाचवते, पण सगळीकडे तिचं चालत नाही.)

अजून एक उदाहरण, हे जास्त क्रूर आहे. १९६६ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी माणसं कमी पडायला लागली तेव्हा अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा ह्यांनी सैन्याच्या बौद्धिक चाचणीची अट खाली आणली. प्रोजेक्ट एक लाख असं त्याचं नाव, प्रत्यक्षात तीन लाखांहून जास्त तरुण त्यातून घेतले गेले. सांगताना असं सांगितलं की नव्या पद्धतीने शिकवू, व्हिडिओ दाखवू, ही पोरं तयार होतील, पुढे समाजातही वर येतील. झालं उलटं. इतर सैनिकांपेक्षा त्यांच्यात मरणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त निघालं, आणि जे परत आले त्यांचंही पुढे काही खास भलं झालं नाही. बुद्धी बिद्धी सब झूठ, मेहनत पाहिजे असं म्हणणाऱ्याने ह्या पोरांच्या घरच्यांसमोर जाऊन ते म्हणून दाखवावं.

नोकरीतल्या कामगिरीचंही तेच. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर ह्या दोघांनी पंच्याऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र करून सांगितलं की कामात कोण चांगला निघेल ह्याचा अंदाज घ्यायला सामान्य बौद्धिक क्षमतेइतकी चांगली गोष्ट क्वचितच सापडते, सहसंबंध ०.५१ (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात त्याचं हे माप, शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पक्का संबंध). वर्षानुवर्षं हा आकडा भरतीवाल्यांचा वेदवाक्य होता. तरुणपणीच्या आयक्यूचा पुढच्या शिक्षणाशी सहसंबंध ०.५च्या वरच येतो. म्हणजे शेवटच्या बाकावरच्या पार्टीचं म्हणणं सरासरीत साफ चूक आहे. ते ज्या चारदोन उद्योगपतींची नावं घेतात तेवढीच नावं वर्षानुवर्षं फिरत असतात, आणि शेवटच्या बाकावरून उठून कुठेच न पोचलेल्या हजारोंची नावं कुणी घेत नाही, कारण ती कुणाला माहीतच नसतात.

इथपर्यंत दुसरी पार्टी खूश असेल. पण त्यांनी आता जरा आकड्यांचा अर्थ नीट लावावा. ०.५१ हा सहसंबंध म्हणजे अर्धी कामगिरी बुद्धीने ठरते असं नव्हे, त्याचा वर्ग करायचा असतो, म्हणजे माणसामाणसातल्या फरकापैकी साधारण पाव भाग. आणि तो ०.५१ आकडाही आकडेमोडीतल्या दुरुस्त्यांनी फुगलेला होता असं २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांचा हिशेब ०.३१ वर येतो, म्हणजे फरकाचा दहावा हिस्सा. शिक्षणाकडून उत्पन्नाकडे वळलं की सहसंबंध ०.२च्या आसपास घसरतो. आणि उत्पन्नाकडून साठवलेल्या संपत्तीकडे गेलात तर? अमेरिकेतल्या हजारो लोकांच्या दीर्घ अभ्यासावरून झागोर्स्की ह्यांनी २००७ मध्ये दाखवलं की जास्त आयक्यूवाले कमावतात जास्त, पण बाकीच्या गोष्टी जमेला धरल्या की त्यांच्याकडे संपत्ती जास्त असते असं काही दिसत नाही. मिळवण्याचं डोकं आणि राखण्याचं डोकं एकच असेल असं आपण गृहीत का धरतो, कळत नाही. शाळा, नोकरी, पगार, संपत्ती अशा क्रमाने जसजसे टेस्टच्या खोलीपासून लांब जाल तसतशी टेस्टची पकड सुटत जाते, आणि हे आश्चर्याचं नाही कारण शाळा ही बरीचशी टेस्टसारखीच असते आणि आयुष्य तसं नसतं.

स्वीडनचा डेटा ह्याबाबतीत फार बोलका आहे, कारण तिथे सक्तीच्या सैन्यभरतीमुळे अख्ख्या पिढीतल्या पुरुषांच्या अठरा एकोणीस वर्षांच्या वयातल्या टेस्ट सरकारदरबारी जमा होत्या आणि त्यांचे पुढचे पगारही. २०२३ मध्ये एकोणसाठ हजार पुरुषांचा अभ्यास छापून आला. पगार वाढतो तशी सरासरी बुद्धिमत्ता वाढत जाते, छान, अगदी अपेक्षेप्रमाणे, पण वर्षाला साधारण साठ हजार युरोच्या वर गेलं की रेघ आडवी होते. आणि सगळ्यात जास्त कमावणारा जो एक टक्का, त्याचे स्कोर त्याच्या लगेच खालच्या लोकांपेक्षा किंचित कमीच. म्हणजे दुप्पट तिप्पट पगार घेणारा माणूस दुप्पट तिप्पट हुशार सोडा, थोडासाही जास्त हुशार नाही. तिथल्याच अजून एका अभ्यासात मोठ्या कंपन्यांचे सीईओ बघितले, तर मधला सीईओ बुद्धीच्या बाबतीत वरच्या सतरा टक्क्यांत बसतो. चांगलं आहे, पण सहा माणसांत एक तेवढा हुशार असतो, आणि सहा माणसांत एक काही सीईओ नसतो. खाली घसरलेले लोक आणि मधले लोक ह्यांच्यातला फरक बुद्धी बऱ्यापैकी समजावून सांगते, मधले आणि वरचे ह्यांच्यातला थोडा, वरचे आणि अगदी टोकाचे ह्यांच्यातला जवळपास नाहीच. टोकाला बसलेल्यांनी स्वतःच्या पगाराचं समर्थन म्हणून स्वतःचं डोकं पुढे करणं त्यामुळे मला जरा विनोदी वाटतं.

हे काही आजचं नाही. स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन ह्यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातली दीड हजाराच्या वर अत्यंत हुशार मुलं निवडली, बहुतेकांचा आयक्यू १४०च्या पुढे, आणि आयुष्यभर त्यांचा पाठपुरावा केला. टर्मन स्वतः दुसऱ्या पार्टीचे म्होरके होते, उद्याचे पुढारी आणि विद्वान ह्याच मुलांतून निघणार ह्याबद्दल त्यांची खात्री होती, इतकी की ते त्यांच्यासाठी शिफारसपत्रंही लिहून द्यायचे, म्हणजे प्रयोग करणारा स्वतःच प्रयोगात हात घालत होता. मुलं सरासरीने चांगलीच निघाली, डॉक्टर, वकील, प्राध्यापक, हे कुणी नाकारत नाही. पण नोबेल त्यातल्या एकालाही मिळालं नाही, आणि चाळणीत गळालेल्या मुलांपैकी दोघांना मिळालं, विल्यम शॉक्ली (१९५६) आणि लुईस अल्वारेझ (१९६८). नोबेलचा मुद्दा मी फार ताणणार नाही, दोन माणसं म्हणजे पुन्हा किस्साच. जास्त महत्त्वाचं आहे ते टर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली तुलना. गटातले सगळ्यात यशस्वी दीडशे पुरुष आणि सगळ्यात मागे पडलेले दीडशे पुरुष समोरासमोर ठेवले तर आयक्यूत नाव घेण्यासारखा फरक निघाला नाही. फरक होता चिकाटीत, आत्मविश्वासात, ध्येय ठरवून त्याला धरून राहण्यात, आणि घरात, वडिलांच्या शिक्षणात.

आणि मी पुरुष असं म्हणतोय ते उगाच नाही. त्या मुलांत सहाशेवर मुली होत्या, तेवढ्याच हुशार. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या पुढे गृहिणी झाल्या, आणि ज्यांनी नोकरी केली त्यांनी बहुतेक शाळाशिक्षिका, सेक्रेटरी, लायब्ररीयन अशी त्या काळी बायकांना मोकळी असलेली कामं केली. घर सांभाळणं हे अपयश आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण डोकं असेल तर सगळं होतं हे म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, एकाच गावात, एकाच वर्गात, एकाच स्कोरच्या बहीण भावांपैकी भाऊ वकील झाला आणि बहीण नाही झाली, ह्यात डोक्याचा वाटा कितीसा?

आता विरोधातला जो मुद्दा मला खरोखर अडचणीत टाकतो तो सांगतो, कारण तो लपवला तर मी पण किस्सेवाल्यांतलाच. ज्युलियन स्टॅन्ली ह्यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सला गणितात असामान्य असलेल्या मुलांचा जो अभ्यास सुरू केला, तो आजही चालू आहे. त्यात असं दिसलं की वरच्या एक टक्क्याच्या आतसुद्धा फरक पडतो. त्या एका टक्क्याचे चार भाग केले तर सगळ्यात वरच्या भागातली मुलं खालच्या भागातल्या मुलांपेक्षा पीएचडी, पेटंट, संशोधनपर लेख ह्यांत ठळकपणे पुढे. म्हणजे एका पातळीनंतर जास्त बुद्धीचा काही उपयोग नाही हे जे ठोकून दिलं जातं ते निदान ह्या क्षेत्रांत खरं नाही. मान्य. पण नीट बघा कुठली क्षेत्रं आहेत ती. गणित, विज्ञान, तंत्रज्ञान, जिथे प्रश्न खरोखर अवघड असतो आणि उत्तर बरोबर आलं की नाही हे तपासता येतं. आयुष्यातल्या किती कामांना हे लागू पडतं? आणि त्या सगळ्यात वरच्या भागातसुद्धा पेटंट न घेतलेले बहुसंख्यच आहेत. शक्यता वाढणं आणि गोष्ट होणं ह्यांत फरक आहे, आणि नेमका हा फरकच दोन्ही पार्ट्यांना पचत नाही.

असं का होत असेल, ह्याचा विचार केला तर मला वाटतं मूळ टेस्टच्या घडणीतच उत्तर आहे. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ ह्यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली ती हुशार पोरं शोधायला नव्हे, शाळेत कुणाला जादा मदत लागेल ते ओळखायला. खालची बाजू ओळखायचं साधन होतं ते, वरची बाजू मोजायचा कारखाना नंतरच्यांनी लावला. आणि कुठल्याही टेस्टमध्ये प्रश्न दुसऱ्याने आधीच निवडून, घासूनपुसून समोर ठेवलेला असतो. आयुष्यात प्रश्न कुठला घ्यायचा हेच आधी ठरवावं लागतं, आणि उत्तर सापडलं तरी काम संपत नाही, ते चार लोकांच्या गळी उतरवावं लागतं.

व्हिएन्नाच्या इस्पितळातला इग्नाझ सेमेलवाइस आठवा. १८४७ मध्ये त्याने ताडलं की बाळंतिणी तापाने मरतायत त्याचं कारण शवविच्छेदन करून तसेच थेट बाळंतपणाला येणारे डॉक्टर आहेत. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मरणाऱ्यांचं प्रमाण धाडकन खाली आलं. जंतूंचा सिद्धांत अजून कुणाला माहीत नसताना नुसत्या तर्काने, दोन वॉर्डांची तुलना करून, एकेक कारण बाद करत तो इथवर आला, हे बुद्धीचं काम म्हणून बघितलं तर थक्क करणारं आहे. मग काय केलं? नीट पुस्तक लिहून छापायला १८६१ उजाडलं. ज्यांना पटवायचं त्या मोठ्या मोठ्या प्रोफेसरांना उघड पत्रांतून खुनी म्हणून घेतलं. लोक जास्तच अडून बसले. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो मेला. आता कुणी म्हणेल की चूक त्या प्रोफेसरांची होती, त्याची नव्हती, आणि नैतिक हिशेबाने ते बरोबरच आहे. पण आपला प्रश्न बुद्धीने काय मिळतं हा आहे. बुद्धीने त्याला उत्तर मिळवून दिलं, त्या उत्तराला वाट मिळवून देणं हे वेगळंच काम होतं आणि त्यात तो पार फसला. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं उलट झालं, तो कुणाशी भांडला नाही, १८६६ मध्ये शांतपणे निबंध छापला, १८८४ मध्ये वारला, आणि जगाला त्याची किंमत १९०० मध्ये कळली. ह्याच मेंडेलला शिक्षकाच्या परीक्षेत १८५० मध्ये नापास केलं होतं.

दुसरं कारण जरा खाजगी बोचणारं आहे. हुशार माणूस स्वतःला फसवण्यातही हुशार असतो. २०१३ मध्ये डॅन कहान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारावर अमेरिकन लोकांना एक छोटा तक्ता दिला. त्वचेवरच्या पुरळासाठी नवी क्रीम. लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. क्रीम चांगली का वाईट? बहुतेक जण २२३ बघून चांगली म्हणतात. पण लावलेल्यांत एक बिघडतो तेव्हा तीन सुधारतात, न लावलेल्यांत एक बिघडतो तेव्हा पाच सुधारतात, म्हणजे क्रीम न लावलेलीच बरी. आकड्यांत पक्के असलेल्यांना हे जास्त जमलं, ठीक. मग तेच आकडे तसेच ठेवून क्रीमच्या जागी बंदुकांवरचा कायदा आणि पुरळाच्या जागी गुन्हेगारी घातली. आता आकड्यांत पक्के लोक बरोबर उत्तर कधी देत होते? ते उत्तर आपल्या राजकीय मताला सोयीचं असेल तेव्हा. सोयीचं नसलं तर डोकं चालवायचे कष्टच घ्यायचे नाहीत. आणि दोन बाजूंमधली दरी आकड्यांत कच्च्या लोकांपेक्षा पक्क्या लोकांत जास्त रुंद निघाली. इतरांनी नंतर हे करून बघितलं तेव्हा परिणाम दरवेळी एवढा ठळक आला नाही, हे सांगायला हवं, पण बुद्धी म्हणजे न्यायाधीश नव्हे, पुष्कळदा ती आपलीच वकील असते, ह्याची उदाहरणं शोधायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. १९९४ मध्ये सुरू झालेल्या लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट ह्या फंडात मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन होते, १९९७ मध्ये दोघांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, १९९८ मध्ये कर्जावर उभा असलेला हा फंड बुडाला आणि चौदा वित्तसंस्थांनी मिळून ३.६ अब्ज डॉलर घालून तो निस्तरला. कमी हुशार माणसाने एवढं कर्ज काढायची हिंमतच केली नसती.

मग ह्या फटीतून तिसरी पार्टी घुसते, इमोशनल इंटेलिजन्स, ग्रिट (म्हणजे चिकाटी), इच्छाशक्ती विकणारी. आयक्यू जाऊ दे, हे शिका, यश नक्की. ह्यांचा पाया तर अजूनच भुसभुशीत. ग्रिटवरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१७ मध्ये केला तर कामगिरीशी सहसंबंध ०.२च्याही आत आला आणि ती गोष्ट बरीचशी जुन्या शिस्तशीरपणाचंच नवं नाव निघाली. समोरचा मार्शमॅलो (एक मऊ गोड खाऊ) न खाता थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात हा प्रयोग मोठ्या गटावर २०१८ मध्ये पुन्हा केला, तर घरची परिस्थिती जमेला धरल्यावर तो परिणाम बराचसा विरून गेला. एका देवाला पाण्यात बुडवून दुसरा बसवायचा, एवढाच हा धंदा.

घरची परिस्थिती हा शब्द आलाच आहे तर तिथे थांबू. अमेरिकेतल्या पेटंट घेणाऱ्यांचा माग काढून अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वरच्या एक टक्का श्रीमंत घरातलं मूल संशोधक होण्याची शक्यता उत्पन्नाच्या खालच्या अर्ध्या घरांतल्या मुलापेक्षा दहापट असते. हा फरक बुद्धीचा म्हणावा तर तिसरीतल्या गणिताचे मार्कही त्यांच्याकडे होते, आणि गणितात अगदी वरच्या पाच टक्क्यांत असलेली गरीब घरातली मुलं पेटंटच्या बाबतीत श्रीमंत घरातल्या सरासरीहून कच्च्या मुलांच्या पुढे नव्हती. रामानुजनची गोष्ट आपण गौरवाने सांगतो. गणित सोडून बाकी विषयांत कॉलेजात नापास, कारकुनी, १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी ह्यांना पत्र, १९१८ मध्ये रॉयल सोसायटी. ह्या गोष्टीत आधीच्या दोन केंब्रिजवाल्या गणितज्ञांनी पत्राला दाद दिली नव्हती हा भाग आपण पटकन ओलांडून जातो. हार्डींनीही तो गठ्ठा बाजूला टाकला असता तर? डोकं तेच राहिलं असतं. आणि ज्यांचे गठ्ठे बाजूला पडले त्यांची नावं आपल्याला माहीत असण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय डोकं तरी जन्माला येतानाच पूर्ण घडून येतं कुठे? शाळेतलं एकेक जादा वर्ष आयक्यू एक ते पाच गुणांनी वाढवतं असा सहा लाखांवर लोकांचा डेटा २०१८ मध्ये मांडला गेलाय. मग बुद्धीमुळे शिक्षण की शिक्षणामुळे बुद्धी? दोन्ही, आणि म्हणून हा स्कोर हातात धरून माणसाची लायकी ठरवणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

यश म्हणजे काय ह्या फंदात मी मुद्दाम फार शिरलो नाही, एक तर त्याला अंत नाही आणि दुसरं म्हणजे वादात हरणारा माणूसच सहसा तो प्रश्न काढतो. तरी एक आकडा सांगून ठेवतो. न्यूरेंबर्ग खटल्याच्या वेळी तुरुंगातल्या नाझी पुढाऱ्यांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या होत्या. शाख्ट १४३, गोरिंग १३८. ह्या लोकांनी यश मिळवलं नव्हतं असं कोण म्हणेल?

आता मूळ मुद्द्याकडे. बुद्धी जर मुख्यतः खाली घसरण्यापासून वाचवत असेल, तर पहिला प्रश्न हा की ही घसरण आली कुठून? स्कॉटलंडमधली ती कमी स्कोरवाली मुलं लवकर का मेली? जास्त धोक्याची कामं, जास्त गरिबी, सिगरेट न सुटणं, आजाराची लक्षणं उशिरा कळणं, डॉक्टरने सांगितलेलं नीट न समजणं, असं सगळं मिळून. ह्यातलं बरंचसं निसर्गाने केलेलं नाही, माणसांनीच केलेलं आहे. कर्जाचे कागद, विम्याच्या अटी, सरकारी फॉर्म, ॲप अपडेट झाल्यावर बदललेली बटणं, हे सगळं हुशार लोकांनी हुशार लोकांना गृहीत धरून बनवलंय, आणि मग ज्याला ते जमत नाही त्याच्याकडे बघून आपण म्हणतो बघा, बुद्धीला पर्याय नाही. विमानवाल्यांनी असं म्हटलं नाही. ३० ऑक्टोबर १९३५ ला बोईंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान चाचणीत उडाल्या उडाल्या कोसळलं. चालवणारा मेजर प्लॉयर हिल हा कसलेला टेस्ट पायलट होता, तो त्यात मेला. विमानाला दिशा देणाऱ्या हलत्या भागांचं एक लॉक उडण्याआधी सोडायचं राहून गेलं होतं. ह्याच्यावर अजून हुशार पायलट शोधा असा उपाय कुणी काढला नाही, यादी काढली, उडण्याआधी काय काय करायचं त्याची चेकलिस्ट. पुढे तेच विमान बी १७ म्हणून हजारोंनी उडालं, आणि ते उडवणारी बहुतेक नुकती ट्रेनिंग संपवलेली विशीतली पोरं होती.

औषधाच्या बाटलीवर मात्र आपण अजून हे करत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत ३९५ पेशंटना औषधांच्या साध्या सूचना वाचायला दिल्या, त्यातली एक होती, दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या. ज्यांचं वाचन कच्चं होतं त्यांच्यातल्या साधारण ७१ टक्के लोकांनी ती सूचना तोंडाने बरोबर सांगितली. मग म्हटलं, दिवसभरात किती गोळ्या घ्यायच्या त्या मोजून दाखवा, तर बरोबर मोजणारे निघाले ३५ टक्के. वाचन म्हणजे आयक्यू नव्हे, हे मला माहीत आहे, पण इथे त्याने काय बिघडतं? सकाळी दोन, रात्री दोन, असं लिहायला किती शाई जास्त लागली असती?